टेबलावरचं झाड

हौशीराम नावाप्रमाणेच हौशी होता, आणि ती हौस घरादाराला पुरून उरायची. निमगाव साव्यात त्याची बेताची जमीन. कांदा, टोमॅटो, दारात एक म्हैस. माणसाचा दिवस भरायला एवढं पुरेसं असतं, पण याचा जीव लाकडात. कुळानं तो सुतार नव्हता, कुणी त्याला शिकवलंही नव्हतं. बांधावरच्या बाभळीची फांदी मोडली की दुसऱ्या माणसाला सरपण दिसतं. याला तिच्यात बैल दिसायचा, नाहीतर बदक. शेजाऱ्यानं मागितलेला खोऱ्याचा दांडा महिनाभर पडून राहायचा आणि कुणीही न मागितलेला पोपट दोन दिवसांत तयार व्हायचा. शिवाय त्याच्या हातच्या वस्तूंना एक खोड होती, त्या जरा कलायच्या. बैल उजवीकडे झुकलेला, पोपट मान टाकून बसलेला.

"ह्या मानसाला लगीन करून द्यायच्या ऐवजी वखारीत ठेवायला पायजे व्हतं," असं कोंडाबाई, म्हणजे त्याची बायको, येईल त्या पाहुण्याला सांगायची. पाहुणा हसायचा. हौशीरामही हसायचा, आणि हातातली पटाशी खाली ठेवायचा नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा सूरज. त्याचं लग्न झालं आणि साधना सून म्हणून घरात आली. तिला वडील नव्हते. आई भावाच्या घरी, आणि भाऊ असा की बहिणीला एकदा गाडीत बसवलं ते बसवलंच, पुन्हा कधी बोलावणं नाही. पण पोरगी हसरी. त्या कलत्या पोपटाला हातात घेऊन ती म्हणाली होती, "आबा, ह्याला झोप आलीये का वो?" हौशीरामच्या आयुष्यात त्याच्या कामाबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. त्या दिवसापासून ती त्याची झाली. सूरजच्या आधी तोच तिच्या बाजूनं बोलायचा.

एकदा तिनं त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. टेबलावर ठेवायचं लाकडी झाड. वीतभर बुंधा, त्याला चारी अंगांनी फांद्या, आणि फांद्यांवर कुणी कानातली अडकवलेली, कुणी किल्ल्या. "असं माज्यासाठी कराल का?" तिनं विचारलं.

"हात्तिच्या! दोन दिसांचं काम," हौशीराम म्हणाला.

आता हौशीरामचं दोन दिवसांचं काम म्हणजे काय, ते गावाला ठाऊक होतं. मागितलेली वस्तू त्याच्या हातून वेळेवर होत नसे. कांदा काढणीला आला, मग टोमॅटोची बांधणी, मग मोटार जळाली. साधनाही आठवण करायची, हसायची, सोडून द्यायची. मध्ये एकदा तिला दिवस गेले. त्या दिवसांत सूरजनं पोटमाळ्यावरचा पाळणा खाली काढला होता. सागवानी पाळणा, कातीव दांडे, दांड्यांवर लाखेचे तांबडे-हिरवे पट्टे. सूरज त्यात वाढलेला. साधनानं तो खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसून लख्ख केला. पण ते दिवस राहिले नाहीत. पाळणा परत बारदानात गुंडाळून वर गेला, आणि त्यावर घरात कुणी बोललं नाही. साधना मात्र दर दसऱ्याच्या साफसफाईला शिडी लावून वर जायची, बारदान सोडायची, पाळणा पुसायची आणि परत बांधून ठेवायची.

मग सूरज गेला. टोमॅटोचे पैसे आणायला म्हणून मोटारसायकलवर नारायणगावला गेला आणि बायपासला एका डंपरनं त्याला उडवलं. यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही. सकाळी चहा पिऊन गेलेला पोरगा दुपारी पांढऱ्या कापडात आला. हौशीरामची हौस त्या दिवशी संपली. पटाशीला गंज चढला. कुणी दांडा मागायला आला तर तो नुसता बघत राहायचा, आणि माणूस अवघडून निघून जायचा.

साधना भावाकडे गेली नाही. भावानंही ये म्हटलं नाही. ती इथंच राहिली. खुरपायला जायची, म्हशीचं बघायची, कोंडाबाईच्या पायाला तेल लावायची. सुनेनं असं वागलं की गाव कौतुक करतं, पण कोंडाबाईला ते कौतुक झोंबायचं. वर्षश्राद्ध झालं आणि काही दिवसांनी भाकरी थापता थापता तिनं नवऱ्याला सांगून टाकलं.

"पोरीचं दुसरं लगीन लावायचं. आपुन लावायचं."

हौशीरामचा घास हातात राहिला. "ती काय म्हनली का?"

"ती कशाला म्हनंल? मी म्हनतीय. सव्वीस वर्साची पोर आपल्या पायाशी म्हातारी करायची का?"

बरोबर होतं. हौशीरामला त्यातला शब्दन् शब्द पटत होता, आणि शब्दन् शब्द नकोसा वाटत होता. सूरज गेला तेव्हा घर अर्धं झालं होतं. आता उरलेलं अर्धं स्वतःच्या हातानं गाडीत बसवून द्यायचं. तो "व्हय" म्हणाला. दुसरं काही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

स्थळ अवसरी खुर्दचं निघालं. संपत नावाचा पोरगा, इंजिनियरिंग कॉलेजच्या बाहेर त्याचं झेरॉक्सचं दुकान. शेतकऱ्याघरचा म्हणून त्याला पस्तिशी आली तरी मुलगी मिळत नव्हती. माणसं साधी. बोलणी झाली तेव्हा हौशीराम मुलीचा बाप म्हणून बसला. पोराचं लग्न ठरवताना तो मिशीवर हात फिरवत बसला होता. या वेळी हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. साधनानं तेवढं एकच विचारलं होतं, "आई, मग मी तुमची कोन?" आणि कोंडाबाई म्हणाली होती, "लेक. आनि कोन?"

गावातल्या कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलं: सुनेला लेक मानणारे आदर्श सासू-सासरे. खाली हात जोडल्याची चित्रं, फुलं, लोकांना काय लागतं. कोंडाबाईनं ते खरोखर मानलं होतं. हौशीरामनं मानलं होतं का, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. तो सगळ्यांच्या होला हो मिळवत फिरत होता आणि आत एकच हिशोब घोकत होता: ती गेली की संपलं. आपल्या दारात पुन्हा कुणी "आबा" म्हणणार नाही.

आणि मग त्याला ते झाड आठवलं.

तिनं मागितलेली ती एकच वस्तू, आणि तीही राहिली होती. त्यानं पटाशीचा गंज कानसीनं काढला. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसला. बिबट्याच्या भीतीनं दाराला लावलेली फळी आत ओढून घेतली, म्हणजे कुणी डोकावणार नाही. बाभळीच्या लाकडाला चीर गेली. टोमॅटोच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या, तर त्या हातात भुसभुशीत झाल्या. बाजारातून सागवानाचा तुकडा आणता आला असता. पण त्याला तसलं लाकूड नको होतं. त्याला असं काहीतरी हवं होतं की ज्यात सूरज असेल.

हे सांगायचं तर कुणाला? कोंडाबाईनं बजावलं होतं, "सूरजचं काय म्हनता काय पोरीसंगं जायला नको. फोटो नको, कापडं नको. तिच्या नव्या संसारावर त्याची सावली नको." म्हणून जे जाईल ते उघड सूरजचं दिसायला नको, आणि तरी सूरजचं असायला हवं. हौशीराम दोन दिवस म्हशीपुढे बसून विचार करत होता. तिसऱ्या दिवशी दोघी बस्ता बांधायला नारायणगावला गेल्या, आणि तो शिडी लावून पोटमाळ्यावर चढला.

बारदान सोडलं. पाळण्याला अजून खोबरेलाचा वास होता. हौशीराम तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःची समजूत घातली. या घरात आता कोण निजणार ह्यात? सूरज नाही, सूरजचं लेकरू नाही. साधनाला तरी हा बघून काय सुख लागत असेल? त्या राहून गेलेल्या दिवसांची आठवण तेवढी येत असेल. रिकामा पाळणा घरात ठेवून आपण रोज मरायचं, त्यापेक्षा ह्याचं झाड व्हावं. हे सगळं त्याला अगदी खरं वाटलं. दुःखातल्या माणसाला स्वतःचं म्हणणं फार लवकर पटतं.

त्यानं पाळणा खाली आणला आणि करवत लावली.

पहिल्या दांड्याला करवत लागली तेव्हा तो रडला, हे खरं आहे. पण नंतर हात चालू लागले, आणि सूरज गेल्यापासून पहिल्यांदा त्याला श्वास पुरता आत गेल्यासारखा वाटला. पाळण्याच्या कोपऱ्यातल्या जाड दांड्याचा बुंधा केला. कातीव दांडे उभे चिरून, रंध्यानं बारीक करून फांद्या केल्या. बुंध्याला तिरपी भोकं पाडून फांद्या एकेक ठोकून बसवल्या, खिळा कुठंच मारला नाही. कठड्याच्या फळीतून पिंपळपानं कापली. ती पॉलिश पेपरनं घासून घासून इतकी पातळ केली की उन्हात धरली तर कडा तांबूस दिसावी. लाखेचे पट्टे सगळे खरवडले. फक्त तळाशी, बुंधा बैठकीत शिरतो तिथं, करंगळीएवढा तांबडा-हिरवा पट्टा त्यानं राहू दिला. तेवढा सूरज. उरलेल्या फळ्या आणि तुकडे कोंडाबाईच्या नजरेला पडू नयेत म्हणून बंबात घातले.

आणि आश्चर्य म्हणजे झाड कललं नाही. आयुष्यभरात त्याच्या हातून झालेली ती एकमेव सरळ वस्तू.

हळदीच्या दिवशी दुपारी बायका पुढच्या अंगणात होत्या. साधना पिवळ्या हातांनी मागच्या खोलीत आली तेव्हा त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं झाड तिच्यापुढे ठेवलं. "दोन दिसांचं काम," तो म्हणाला.

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. हळद लागेल म्हणून तिनं झाडाला हात लावला नाही. नुसतं चारी बाजूंनी वाकून बघितलं. मग डोळे दंडाला पुसत म्हणाली, "आबा, एक मागू का? न्हाई म्हनायचं न्हाई."

"माग की."

"तो माळ्यावरचा पाळना तेवढा जपून ठिवा. तिकडच्या आत्याबाईंनी इचारलं, पयलं बाळतपन कुठं करनार तुजं, भाऊ तर इचारत न्हाई. मी सांगितलं, माजं माहेर निमगावला हाय. आनि पाळना बी तिथनंच येनार. आमच्यात माहेरचाच पाळना असतो."

तो पाळणा कोंडाबाईच्या माहेरून आला होता, सूरज जन्मला तेव्हा, बाळंतविड्याबरोबर, बैलगाडीत घालून. इतक्या वर्षांत हौशीराम हे साफ विसरला होता. त्याच्या लेखी तो सूरजचा पाळणा होता. पाळणा पोराचा नसतो, तो पोरीच्या माहेराचा असतो, हे घरातल्या दोन्ही बायकांना न सांगता ठाऊक होतं. पुरुषाला कोण सांगणार, आणि त्यानं कधी विचारलं होतं?

"ठिवलाय की," तो म्हणाला. "माळ्यावर हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटावर बसून कन्यादान केलं. लोकांनी डोळे पुसले. फोटो निघाले. साधना झाड मांडीवर घेऊन गाडीत बसली.

पावसाळा संपता संपता फोन आला. साधनाला दिवस राहिले होते. कोंडाबाई फोन कानाला लावून दारात उभी होती आणि मोठ्यानं हसत होती. सूरज गेल्यावर तिचं हसू घरात असं वाजलं नव्हतं. फोन ठेवला आणि ती थेट शिडीकडे गेली. "पाळना काढते. ऊन दावते, तेल लावते. दोऱ्या नव्या घ्याव्या लागत्याल. आवो, इकडं या, शिडी धरा."

हौशीरामनं शिडी धरली. ती वर चढली. वरून तिनं नुसतं बारदान खाली टाकलं आणि खाली बघितलं. मग त्यानं सांगितलं. शिडीला धरूनच सांगितलं.

त्याला वाटलं होतं ती बोलेल, आदळआपट करेल. तशी तिची जीभ काही कमी नव्हती. पण ती पोटमाळ्यावरच पाय सोडून बसली. तिथूनच म्हणाली, "मी तिला लेक म्हनले आनि तुमी तिला गेलेली धरली. ती ह्या घरात सयपाक करत व्हती, आनि तुमी तिचं सुतक धरलं."

त्यानं नवा पाळणा करायला घेतला. या वेळी सागवान विकत आणलं. दिवाळी त्यातच गेली. पाळणा तयार झाला, आढ्याला टांगला, आणि एका अंगाला कलला. दोऱ्या कमीजास्त करून पाहिल्या. आत कांद्याची पिशवी ठेवून झोका दिला, तर पिशवी घसरत जाऊन कोपऱ्याला दाबून बसली. कोंडाबाई म्हणाली, "ह्यात लेकरू न्हाई निजवायचं." मग तीच नारायणगावहून विकतचा आणू म्हणाली. पण त्याआधी साधनाला खरं सांगायला हवं होतं. ते कोंडाबाईनं त्याच्यावर टाकलं. त्यानं फोन केला, अडखळत सगळं सांगितलं.

फोन कटला की काय म्हणून त्यानं दोनदा "हॅलो" केलं.

"असू द्या आबा," साधना म्हणाली. "आता नका आनू. इथं घेतील."

त्यानंतरही तिचे फोन येत होते. म्हैस कशी आहे, आईंचे पाय कसे आहेत. पण सातव्या महिन्यात कोंडाबाईनं न्यायला कधी येऊ म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "डॉक्टर मंचरला हायेत आई, इथनं जवळ पडतं. कशाला उगं?" कोंडाबाईनं खारीक फोडून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता, मागची खोली सारवून घेतली होती. तिनं सारवलेल्या खोलीचं दार लावून घेतलं.

बारशाला दोघं गेले. जीपनं नारायणगाव, तिथून एसटीनं अवसरी फाटा. कोंडाबाईच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि हौशीरामच्या मांडीवर काहीच नव्हतं. संपतच्या घरी मंडप होता, माणसांची गर्दी होती. संपतनं दोघांच्या पाया पडून आत नेलं. चांगला पोरगा. कुणात काही खोट नव्हती, आणि हौशीरामला तेच सोसवेना. कुणाला दोष द्यावा तर आपल्याशिवाय माणूस दिसत नव्हतं.

मधल्या खोलीत लोखंडी पाळणा होता, निळ्या रंगाचा, स्टँडवरचा. झोका दिला की कुई वाजायचा. आत मुलगी, मूठभर. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं रीतीप्रमाणे विचारलं, "माहेराकडनं काय आलं?"

"ते झाड आलंय की लग्नातच," संपतची आई भिंतीकडच्या टेबलाकडे हात करून म्हणाली. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. "लई सुबक हाय. तिच्या आबांनी हातानं केलंय."

बायकांनी माना वळवून झाड पाहिलं. एका फांदीला दुकानाच्या किल्ल्या, एकीला कानातली, एकीला बाळाचा काळा दोरा. झाड अजून सरळ उभं होतं. हौशीरामच्या ओठावर आलं होतं, अहो, तोच पाळणा आहे तो. पण हे ऐकून कुणाला काय मिळणार होतं?

नाव ठेवून झालं. बायका जेवायला गेल्या. कोंडाबाई चुलीकडे मदतीला गेली. साधना बाळाला मांडीवर घेऊन टेबलापाशी बसली होती आणि तिनं हौशीरामला हाक मारली. तो जवळ गेला. तिनं झाडाच्या तळाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे मी आल्या दिवशीच वळखलं व्हतं. पुसलेला पाळना न्हाई का वळखनार? इथं कुनाला हात लावू देत न्हाई मी ह्याला."

हौशीरामचा जीव थोडा भांड्यात पडला. "मग तू तवाच का न्हाई बोललीस?"

"मला वाटलं, एखादा दांडा घेतला असंल. बाकीचा ठिवला असंल माज्यासाठी." ती बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यानं हात जोडले असते. "आबा, मला वडील न्हाईत. मी तुमालाच धरून व्हते. पन तुमी पाळना मोडला तवा मी घरातच व्हते वो. मी गेले नव्हते अजून."

बाळ कुरकुरलं. तिनं त्याला पाळण्यात ठेवलं आणि झोका दिला. पाळणा कुई वाजला. बिजागरीला तेलाचा एक थेंब टाकला असता तर तो आवाज गेला असता, हे हौशीरामला दिसत होतं. पण दुसऱ्याच्या घरातल्या पाळण्याला हात कसा लावावा, म्हणून तो हात मागं बांधून उभा राहिला.

मंडपातून कुणीतरी हाक मारली, "निमगावचं पावणं राहिलं का? चला, पावणं, जेवायला चला."

"जा आबा," साधना म्हणाली. "बोलावत्यात."

हौशीराम बाहेर गेला आणि पाहुण्यांच्या पंगतीत जागा होती तिथं बसला.